समोरच्याचं उजवं

“समोरच्याचं उजवं ते आपलं डावं. किती वेळा सांगू, मावशी?”

मॅडम असं म्हणाल्या खऱ्या, पण आवाजात राग नव्हता. शरीररचनेच्या प्रयोगशाळेत त्या चोवीस वर्षं शिकवत होत्या. मुलं पाठीमागे त्यांना ‘हाडंवाल्या मॅडम’ म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं.

मावशी म्हणजे वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या विद्यार्थिनी. वय एकोणपन्नास. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची, त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘मावशी’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. अर्धं आयुष्य रुग्णालयाच्या फरशा पुसण्यात गेलं होतं. आता तंत्रज्ञ व्हायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. बाकी सगळे विषय सुटले होते. या एका विषयात मात्र गाडं दोन वर्षं अडलं होतं.

मावशी उठल्या. पोट उघडून आतले अवयव दाखवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पुतळ्याशेजारी गेल्या आणि त्याचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. मग उजवा हात वर केला.

“हं. हे याचं उजवं.”

“मावशी, फोटो काढू का दोघांचा? जोडा शोभतोय,” मागून एक पोरगा म्हणाला.

“काढ की. हा निदान उलटून तरी बोलत नाही.”

वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या.

तास संपला की पोरं पसार व्हायची. मावशी मात्र थांबायच्या. हाडं पेटीत परत ठेवायला हातभार लावायच्या, मग दोघी खिडकीशी बसून थर्मासमधला चहा प्यायच्या. दिवसभरात मॅडमशी कामाखेरीज बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. आई गेल्यापासून त्या एकट्याच राहत. रविवारी तर तोंडातून शब्द फुटायचा नाही. संध्याकाळी त्या आपल्याशीच काहीबाही बोलायच्या, आवाज जागेवर आहे ना ते बघायला. हे त्यांनी एकदा मावशींना हसत हसत सांगितलं होतं. मावशींना काही हसू आलं नाही.

“फार वाईट हो हे,” त्या म्हणाल्या होत्या.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा मावशींनी चहाचा कप खाली ठेवला.

“यंदा सुटायला हवं, मॅडम. लेकीच्या गावच्या रुग्णालयात एक जागा आहे. निकालापर्यंत थांबतो म्हणालेत. लेक म्हणते, आई, ये आता, नातवाला तू कळायला लागू दे. नाही सुटलं तर जागा दुसऱ्याला जाणार.”

“सुटेल. न सुटायला काय झालं?”

“लिहिताना बरोबर लिहिते हो. घरी गेल्यावरसुद्धा डोळ्यांसमोर असतं, हे उजवं लिहिलं, ते डावं लिहिलं. आणि निकालात बघावं तर बाजू चुकलेल्या. गेल्या वर्षी तुम्ही पेपर दाखवलात म्हणून, नाहीतर विश्वास बसला नसता. आता माझा माझ्याच डोक्यावर भरवसा उरलेला नाही.”

मॅडमनी उरलेला चहा मावशींच्या कपात ओतला.

“परीक्षेत हात घाई करतो. होतं असं. उद्यापासून तासभर जास्त थांबत जा.”

मावशी थांबू लागल्या. मॅडम टाचणी टोचायच्या, मावशी सांगायच्या. तीन भागांचं फुप्फुस उजवं, दोन भागांचं डावं. जरा खाली सरकलेलं मूत्रपिंड उजवं. पहिले काही दिवस मावशी अडखळल्या, मग उत्तरं धडाधड यायला लागली. शेवटच्या आठवड्यात एकही चूक नव्हती.

“आता तुम्हीच मला शिकवा,” मॅडम म्हणाल्या.

मावशींचे डोळे भरून आले. “सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं.”

परीक्षेच्या दिवशी वीस टेबलं मांडली होती. प्रत्येकावर एक हाड नाहीतर अवयव, त्यात एक टाचणी. उत्तरं पेन्सिलीनं लिहायची, नावापुढे बाजू म्हणून ‘उ’ किंवा ‘डा’. बाजू चुकली की त्या उत्तराला भोपळा. पास व्हायला चौदा गुण हवेत. मावशी दोन्ही वेळा बारावर अडकल्या होत्या.

मिनिटामिनिटाला घंटा वाजत होती. मावशी प्रत्येक टेबलाशी क्षणभर अंग वळवून उभ्या राहत, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत आणि मग लिहीत. त्या दिवशी त्यांना कुणी हसलं नाही.

“तीनदा वाचून बघितला,” पेपर देताना त्या म्हणाल्या.

“छान. आता निवांत घरी जा.”

मावशी दारापर्यंत गेल्या आणि थबकल्या. “मी गेले की तुमच्याबरोबर चहाला कोण हो?”

“येईल कुणीतरी,” मॅडम म्हणाल्या.

प्रयोगशाळा रिकामी झाली. दुपारचं ऊन अजून टेबलांवर होतं. मॅडमनी गठ्ठ्यातून मावशींचा पेपर आधी काढला. पहिलं उत्तर बरोबर, दुसरं बरोबर, तिसरंही. असं करत विसाच्या वीस. अक्षर ठसठशीत, खाडाखोड कुठंच नाही. मॅडमना मनापासून आनंद झाला. एवढ्या वर्षांत असा पेपर त्यांनी क्वचितच पाहिला होता. त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून सावकाश वाचला.

मग त्यांनी खोडरबर घेतलं आणि, मागच्या दोन्ही वर्षी केलं होतं तसंच, आठ ठिकाणी बाजू बदलली.