अठरावं जोडपं

“नियम पहिला. मी विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही,” समुपदेशिका म्हणाली.

“मॅडम, एक सांगायचं राहिलं, आम्ही दोघं…” समोरच्या गृहस्थांनी सुरुवात केली.

“बघा. पहिलाच नियम मोडलात.”

शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी रुमालाआड हसू दाबलं.

ते हसू पाहून समुपदेशिकेला हुरूप आला. कौटुंबिक न्यायालयात येऊन तिला तीन महिने झाले होते. तेवढ्यात सतरा जोडपी तिच्यासमोर बसून गेली आणि सतराही वेगळी झाली. त्यातल्या एकाचं तर बाहेर बाकावरच मिटत आलं होतं. हिने आत बोलावून सल्ला दिला आणि फिसकटलं. आज सकाळी मोठ्या न्यायाधीश बाईंनी तिला बोलावून घेतलं. “संध्याकाळपर्यंत एक तरी जोडपं जुळवून दाखवा. नाहीतर सोमवारपासून तळघरात, जुन्या फायली लावायला.”

तळघरात गेलेला माणूस थेट स्वतःच्या निरोपसमारंभालाच वर येतो, असं शिपाईमामा सांगत.

बाहेरच्या बाकांवरची गर्दी हे शिपाईमामाच आवरत. दार उघडायचं, “चला पुढचे” म्हणायचं, एक बाई आणि एक पुरुष आत सोडायचे, दार लावायचं. नावं पुकारणं समुपदेशिकेनेच बंद करायला लावलं होतं. नाव घेतलं की आडनाव आठवतं, आडनावावरून सासर आठवतं, आणि मग कोण कुणाचं ऐकतंय! फाइलही ती उघडत नसे. कोरी पाटी, हीच तिची पद्धत होती.

“कायदा सोपा आहे,” ती म्हणाली. “दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं असलं, तरी सहा महिने थांबावं लागतं. तेवढ्यात एकाचं जरी मन बदललं, तरी संमती मागे घेता येते. तुमचं मी आजच बदलणार आहे.”

“आजच?” बाईंनी विचारलं.

“माझी सोमवारची जरा अडचण आहे. बरं, लग्नाला किती वर्षं झाली?”

“नऊ,” बाई म्हणाल्या.

“सहा,” गृहस्थ म्हणाले.

समुपदेशिकेने गृहस्थांकडे रोखून पाहिलं. लग्नातली तीन वर्षं या माणसाच्या लक्षातच आली नव्हती. दुखणं जुनं होतं.

“नियम दुसरा. कुणाकडे बोट दाखवायचं नाही. ‘तू असं करतोस’ नाही म्हणायचं. ‘घरी असं होतं’ म्हणायचं. बाई, तुम्ही आधी.”

“घरी माझं एक वाक्य पुरं होत नाही,” बाई म्हणाल्या. “मी ‘आज मला’ एवढं म्हटलं, की पुढचं मलाच ऐकवलं जातं. तेही चुकीचं.”

“अरेरे,” गृहस्थ म्हणाले. अगदी मनापासून.

समुपदेशिकेने वहीत लिहिलं: पश्चात्ताप.

“घरी मी कपड्यांच्या घड्या घालतो,” गृहस्थ म्हणाले. “मग त्या माझ्यासमोर मोडल्या जातात आणि परत घातल्या जातात. तोंडातून शब्द नाही. नुसत्या घड्या.”

“काय बाई तरी एकेक!” बाई हळहळल्या.

समुपदेशिकेने लिहिलं: चूक उमगली. दोन वेळा अधोरेखित केलं.

“आता शेवटचं,” ती म्हणाली. “समजा, तुम्ही आज पहिल्यांदाच भेटताय. तर काय विचाराल? विचारा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जमेल की, अशा चेहऱ्याने.

“आपण काय करता?” गृहस्थांनी विचारलं.

“लिफ्ट दुरुस्त करते. लोक अडकले की मला फोन येतो. तुम्ही?”

“कवळ्या बनवतो. दिवसभर गावाचे दात घडवायचे, आणि घरी गेलं की घरचे आपल्यावर दात धरून!”

बाई इतक्या हसल्या की खुर्ची सरकली. गृहस्थांनी ती मागून धरली आणि धरूनच ठेवली. मग त्यांनी विचारलं, लिफ्टमध्ये एकटं अडकलं तर काय करावं. बाईंनी सविस्तर सांगितलं. मध्ये एकदा ‘आणि मग मला’ म्हणून त्या सवयीने थांबल्या. गृहस्थही थांबले. वाट बघत बसले.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी वाक्य पुरं केलं. ते बरंच लांब होतं.

समुपदेशिकेने नाक पुसलं. असं प्रेम तिने या इमारतीत पाहिलं नव्हतं. इमारत त्यासाठी बांधलेलीच नव्हती. तिने फोन उचलला. “मोठ्या बाई, जुळलं! हो, पक्कं. स्वतःच्या डोळ्यांनी बघतेय.”

मग तिने कपाटातून संमती मागे घेण्याच्या अर्जांचा गठ्ठा काढला. त्याची दोरीसुद्धा अजून सोडलेली नव्हती. तिने ती दातांनी तोडली, वरचा अर्ज झटकला आणि दोघांपुढे ठेवला. “इथे सह्या करा. नियम संपले. आता हवं ते बोला.”

“हा नको मॅडम,” गृहस्थ म्हणाले. “उलट त्या सहा महिन्यांतले थोडे कमी होतात का बघा ना, आमच्या दोन्ही घटस्फोटांतले. यांचे मिस्टर आणि माझी मिसेस बाहेर बाकावरच बसलेत.”