सदतीस नंबरचा एरर

लाइनमन पिशवीतून पकड काढून टेलिफोनच्या वायरपाशी उकिडवा बसला आणि तेवढ्यात फोन वाजला.

"घ्या, निरोपाचा फोन," लाइनमन म्हणाला.

म्हाताऱ्याने रिसीव्हर उचलला. या फोनवर हल्ली राँग नंबरच यायचे. मुलगा म्हणायचा, "बाबा, मोबाइल आहे ना? ते डबडं कशाला पोसताय?" शेवटी कंटाळून म्हाताऱ्याने लाइन तोडायचा अर्ज दिला होता.

"सर, सदतीस नंबरचा एरर आलाय," पलीकडून एक मुलगी म्हणाली. "मी प्रोग्रामर आहे. आमचा प्रोग्राम तुमची सी भाषेतली जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, वापरतो; तिने नुसता आकडा दिला. त्याचा अर्थ मागितला तर वाक्य आलं, 'हे कधीच घडणार नाही. घडलंच तर या नंबरवर कळवा.'"

म्हातारा मटकन खुर्चीवर बसला. ते वाक्य त्यानेच लिहिलं होतं, ऐन उमेदीत, छाती ठोकून, आणि खाली घरचा नंबर टाकला होता. पुढे नोकरी संपली, बायको गेली, मुलगा दुसऱ्या गावी राहायला गेला. नंबर मात्र त्याने बदलला नव्हता. कारण सांगितलं असतं तर लोक हसले असते.

"घडलं की हो, सर."

"फाइल बंद करताना ना?"

"हो! कसं ओळखलंत?"

उत्तर त्याच्या जिभेवर होतं. पण ते सांगितलं की गरज सरणार आणि वैद्य मरणार. 'बघून सांगतो, उद्या फोन कर' म्हणणं किती सोपं होतं.

"तिकडे कुणी खोळंबलंय का?" त्याने विचारलं.

"सगळं ऑफिस. माझ्या डोक्यावर बसलेत."

मग त्याला राहवेना. "डिस्क भरलीये, पोरी, आधी थोडी जागा मोकळी कर. लिहिलेलं सगळं लगेच डिस्कवर उतरत नाही, काही फाइल बंद करतानाच उतरतं. तेव्हा जागा नसली की बोंब. जागा आहे का ते बंद करण्याआधीच तपासत जा, आणि नसली तर 'जागा संपली' असं तिथेच सांग. सदतीस पुन्हा यायचा नाही."

तिकडे कीबोर्ड वाजू लागला. तो ऐकत राहिला. कुणी काम करतंय आणि आपण सोबत आहोत, असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

"चाललं!" ती ओरडली. "थँक्यू, काका! मग सदतीसचं ते वाक्य काढून टाकते हं."

"टाक," तो म्हणाला.

लाइनमनने पकड पुन्हा उचलली.

"काका, आहात ना? अडतीस नंबरच्या एररपुढे काहीच लिहिलेलं नाहीये, कोरंच आहे. तिथे काय टाकू?"

म्हाताऱ्याने वाकून लाइनमनचा हात धरला आणि तिला पुन्हा हाच घरचा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून. मग तिच्याकडून तो परत म्हणवून घेतला.