आर्डिसबाईंची घंटा

कोल्बी रँकिन शेवटी बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये गेला. पण ते तूर्त बाजूला ठेवू. आपण असं धरून चालू, की तो अजून आर्डिसबाईंच्या स्वयंपाकघरात बसून रुबार्बच्या आंबट देठांचा केक खातोय.

"कसा झालाय?"

"एकदम झकास, मिसेस व्ही." कोल्बीने कान खाजवला.

"साखर घालायची विसरले मी."

"हो? मला तर जाणवलंसुद्धा नाही." परत कान.

कुणाला फसवायचं म्हटलं की या मुलाचा हात आधी कानाकडे जायचा. त्याला त्याचा पत्ता नव्हता. बाईंनीही कधी सांगितलं नाही. खोटं का होईना, घरात कौतुक होत होतं.

आयोवातल्या त्या गावात धाकट्या लीगमधल्या क्लबची पोरं घरोघरी ठेवून घ्यायची रीत होती. पगारात त्यांना भाड्याची खोली परवडत नसे. नवरा गेल्यावर बाईंनी मागची खोली दिली. पहिला खेळाडू पाच महिन्यांत वरच्या लीगमध्ये गेला, दुसरा एका उन्हाळ्यात. जाताना दोघंही म्हणाले, फोन करतो. फोन चालू होता. बाई अधूनमधून उचलून बघत.

कोल्बी मात्र टिकला. कॉलेजातून आलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, तीनेक वर्षांत वर जातो, शाळेतून उचललेल्याला पाच लागतात. कोल्बीचं आठवं चालू होतं. त्यातली शेवटची चार बाईंकडे.

त्याचा वेगवान चेंडू कुणाला दिसत नसे. फलंदाजाला फसवायला टाकलेला हळू चेंडू मात्र हटकून कुंपणापलीकडच्या मक्यात जाऊन पडे.

"अरे, चेंडू टाकतोस की पोस्टाने पाठवतोस?" म्हातारा कोच गस ओरडायचा. "आधी कळवल्यासारखे उभे असतात ते!"

"यंदा नाही जमलं तर क्लब सोडून देणार मला," कोल्बी बाईंना म्हणाला. "मग काकाच्या दुकानात टायर बदलत बसायचं जन्मभर." कान खाजवला नाही.

"असं कसं सोडतील? मी येते ना रोज घंटा घेऊन."

घंटा नवऱ्याच्या शेवटच्या गाईची. पहिल्या रांगेत बसून बाई ती कोल्बीसाठी वाजवत. सारखी नाही. तो चेंडू टाकायला उभा राहिला की मधूनच, एकदा. सगळं मैदान म्हणे, काय जीव आहे बाईचा पोरावर! पाहुण्या संघांनासुद्धा त्याचं कौतुक. त्यांचे फलंदाज जाता जाता बाईंना टोपी उचलून अभिवादन करत. एका संघाने तर वाढदिवसाला केक पाठवला.

जुलैत बाई मागच्या पायरीवरून घसरल्या. मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. तीन आठवडे त्या घरी बसून रेडिओवर सामने ऐकत राहिल्या. कोल्बीने तीन आठवड्यांत एकही धाव दिली नाही. पाहुण्या संघांचे कोच गसकडे बाईंच्या तब्येतीची फार कळकळीने चौकशी करत.

मग एका दुपारी कोल्बी धावतच घरात आला.

"मिसेस व्ही, बोलावलं! वर! उद्याच!"

"मला इतका आनंद झालाय," बाई म्हणाल्या. त्यांना कान खाजवायची सवय नव्हती.

सकाळी तो दारात उभा राहिला. "दर रविवारी फोन करतो हं." दोन्ही हातांत बॅगा होत्या. त्यातली एक खाली ठेवून त्याने कान खाजवला.

ऑक्टोबरात बाई क्लबच्या कचेरीत गेल्या. खोल्यांचं बघणारी डार्ला म्हणाली, "पुन्हा ठेवणार? मला वाटलं, आता तुम्ही दमलात."

बाई खुर्चीत ताठ बसल्या आणि बँकेत बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "पुढील मोसमासाठी खोली उपलब्ध आहे. क्लबला नम्र विनंती, की पिचरच पाठवावा. खाण्याची आवडनिवड, घोरणं, सगळं चालेल. मात्र हळू चेंडू टाकण्याआधी तो कान खाजवणारा असावा. नाहीतर घंटा नेमकी कधी वाजवायची, ते मला कळत नाही."