किरकोळ दोष

मंचावर दोन यांत्रिक हात तबला वाजवत होते. "ही शैली आमच्या यंत्रानं स्वतः शोधली आहे," निनादने जाहीर केलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या वसुधाताईंना मात्र प्रत्येक बोल ओळखीचा वाटत होता. निनाद अकरा वर्षं त्यांच्याकडे तबला शिकला होता. प्रबंधासाठी म्हणून त्यांच्या बोटांना सेन्सर लावून त्याने दोन महिने त्यांचं वादन टिपून घेतलं होतं.

एका अवघड रचनेआधी यांत्रिक उजवा हात वर गेला आणि त्याने हवेतच चिमूट धरली. लोक हसले.

"किरकोळ दोष आहे," निनाद म्हणाला. "पुढच्या आवृत्तीत काढून टाकू."

वसुधाताईंचा हात नकळत स्वतःच्या कानाच्या पाळीकडे गेला. ती रचना त्यांच्या गुरूंची होती. त्यांचं नाव घेऊन कान धरल्याशिवाय ताईंनी ती कधीच वाजवली नव्हती.

कार्यक्रमानंतर त्यांनी निनादला गाठलं. "तो दोष नाही, हे तुला ठाऊक होतं ना रे?"

"हो, ताई."

"मग माझ्या गुरूंचं नाव सांगायला काय झालं होतं?"

निनादने मान खाली घातली. "त्यांचं सांगितलं असतं, तर तुमचंही सांगावं लागलं असतं."