पुण्यवानांचं घर

हृदयरोगाच्या सर्वेक्षणासाठी मी हसनाबादला चांगुणाबाईंच्या घरी गेले. "घरात कुणाला हृदयविकार?"

"न्हाई बाई, आमच्यात तसलं काईच न्हाई."

भिंतीवर हार घातलेले तीन फोटो होते. त्यांचा नवरा, दीर आणि थोरला मुलगा. एकाचाही केस पिकलेला नव्हता.

"मग हे कशानं गेले?" मी विचारलं.

"तिघं बी पुण्यवान! एक चहा पिता पिता गेला, एक बैल सोडता सोडता, एक बसल्या जागी. कुणाकडून सेवा करून घेतली न्हाई."

फॉर्मवर फक्त जिवंत माणसं मोजायची होती. मी 'निरंक' लिहिलं.



घरातला उरलेला एकमेव पुरुष, त्यांचा बत्तीस वर्षांचा धाकटा मुलगा नागसेन, दारात छाती चोळत म्हणाला, "मरण यावं तर आमच्या बापासारखं, ताई."