घरचा मांडव

पहाटे वारा सुटला आणि रफीक मांडववाल्याच्या स्वतःच्या सांदवाडीतला मांडव कोसळला. बल्लारपुरात गणपतीचे सहा मांडव त्यानंच बांधलेले. त्यातला एकही जागचा हलला नाही, घरामागचा तेवढा आडवा झाला. आता हे चारचौघांत सांगायचं कोणत्या तोंडानं?

उजाडल्या उजाडल्या तो चिखलात उकिडवा बसला आणि पडलेल्या बांबूंखालून वेल हलक्या हातानं सोडवू लागला.

"तुटली का जी?" आतून फरहतनं विचारलं. तिची खाट सांदवाडीकडच्या खिडकीला लावलेली होती.

"नाई. बुडातून शाबूत आहे."

हॉप्सची वेल होती ती. त्यांचा मुलगा जुबेर हिमाचलात रस्त्याच्या कामावर होता. दोन वर्षांमागे सुटीवर येताना त्यानं तिचं मूळ ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं होतं. या फुलांची बीअर होते हे कळल्यावर मोहल्ल्यानं रफीकला सोडलं नाही. 'भाऊ, भट्टी कधी लावून राह्यले?' पण जुबेरनं वेल आणली होती अम्मीसाठी. फुलं वाळवून उशीत भरली की झोप लागते म्हणे. कॅन्सर पोटातून पाठीत उतरल्यापासून फरहतला झोप अशी नव्हतीच. रफीकनं दोन उन्हाळे मांडवाचं हिरवं कापड बांधून त्या वेलीला जगवलं. आणि यंदा शेंड्याला फुलं धरली होती.

त्यानं एक फूल बोटांत दाबून पाहिलं. मऊ होतं. कोरडं होऊन कागदासारखं वाजलं की तोडायचं, असं जुबेरनं फोनवर बजावलं होतं. म्हणजे अजून पंधरा दिवस तरी.

मग त्यानं दोर उचलला, आणि कपाळावर हात मारला. दोर कुठंच तुटला नव्हता. गाठी सुटल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या सुरगाठी! टोक ओढलं की मोकळी होणारी गाठ. मांडव चार दिवसांचा, तो झटक्यात उतरवता यावा म्हणून मांडववाला दुसरी गाठ मारतच नाही. बाहेरच्या मांडवांच्या गाठी त्याची माणसं रोज सकाळ-संध्याकाळ आवळत. घरच्या गाठी कोण आवळणार? तीस वर्षांची सवय, हातांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

"दहाले तौसीफ येते गाडी घेऊन," तो बांबू उभा करत म्हणाला. "तोवर बांधून टाकतो. मंग निघू नागपूरले."

नागपूरच्या दवाखान्याला फरहतनं तीनदा नाही म्हटलं होतं. आता घरी ठेवलं तरी चालेल, असं डॉक्टरही म्हणाले होते. रफीकनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

तो स्टुलावर चढला आणि गाठीवर गाठ मारू लागला. ओबडधोबड निरगाठी. हाताला वळणच नव्हतं.

"लहान पोराच्या चड्डीची गाठ आहे थे," फरहत खिडकीतून म्हणाली. किती दिवसांनी तिच्या आवाजात हसू आलं होतं.

"असू दे. आता कितीबी वारा येऊ दे. कापल्याबिगर सुटत नाई."

"अन् फुलं कशी काढान? जुबेर म्हने, तिकडं दोर सोडून आख्खी वेल खाली घेतात."

"शिडी लावून काढीन मी."

"मले माह्या हातानं तोडायची आहेत." ती दम घ्यायला थांबली. "पंधरा दिवसांनी मी नागपूरच्या खाटेवर असली, त उशी कोनाले शिवान?"

रफीकनं तोंड बांबूकडे फिरवलं. डोळे भरून आले होते. तिला घरी ठेवायचं म्हणजे आपणच तिचा हात सोडल्यासारखं होईल, या एकाच भीतीनं तो महिनाभर पळत होता.

"जुबेरचे अब्बा," तिनं हळू हाक मारली. "तीस वर्षं लोकाइचे मांडव सोडले तुमी. कोनी रडलं म्हनून कधी एक दिवस जास्त ठेवला का?"

तो स्टुलावरून खाली उतरला. दोरी हातातच होती.

समोर हॉर्न वाजला. तौसीफ, त्याचा भाचा, घरातून थेट सांदवाडीत आला. "मामू, तयारी झाली का? बॅग ठेवू गाडीत?"

रफीकनं खांद्याला डोळे पुसले.

"बॅग राहू दे. चपला काढ, अन् हा बांबू धर."

तौसीफ क्षणभर मामीकडे पाहत राहिला, मग चपला काढून चिखलात उतरला. दोघांनी वेल पुन्हा वर चढवली. कोपऱ्याकोपऱ्याला निरगाठी बसल्या. शेवटी रफीक खिडकीजवळच्या बांबूशी आला. वेलीचा मुख्य दोर तिथंच बांधलेला होता. आपणच मारलेली गाठ त्यानं दातांनी उकलली आणि तिथं सुरगाठ घातली. दोराचं मोकळं टोक गजांतून आत सोडलं, तिच्या हाताला येईल असं.

"आत्ताच ओढू नको," तो म्हणाला.

"नाई ओढत," फरहत म्हणाली, आणि तिनं ते टोक उशाखाली ठेवलं.