सतरावा दगड

संग्रहालयाच्या माणसाने परटिणीचा धुण्याचा दगड उलटा केला. खाली सतरा आकडा कोरलेला निघाला. "काकू, हा कुठून आला?" "बापाने माळावरून आणला, आईसाठी. सपाट होता." "अहो, हा हद्दीचा दगड! वाद मिटवायला आलेल्या गोऱ्या साहेबाला हाच सापडला नाही. मग सोळाव्यापासून अठराव्यापर्यंत सरळ रेघ ओढली, नदीकाठची वाडी पलीकडच्या देशात गेली." वाडीत मावशी नांदायची. बहिणी पुन्हा भेटल्या नाहीत. आई जन्मभर ह्याच दगडावर कपडे आपटत साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. बाप शेजारी मुकाट पिळायचा. दगड मात्र कुणाला हलवू द्यायचा नाही. "मग वाडी परत येणार?" "छे हो! दगड फक्त काचेच्या कपाटात ठेवायचा." तिने आकडा खाली करून दगड पुन्हा बसवला, भिजलेली चादर उचलली. "एवढं धुणं होऊ द्या. मग न्या."